पोटाशी पांढरी चकती धरलेला तो कोळी कोणता?

वाचकाचे पत्र: आमचे घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला, मंगळुरी कौलांचे आहे. पंधरा दिवसांपूर्वी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेमागून हाताच्या पंजाएवढा, चपटा, तपकिरी कोळी बाहेर आला. जाळे कुठेच नव्हते. चार दिवसांनी तसाच कोळी न्हाणीच्या भिंतीवर दिसला, तेव्हा त्याने पोटाखाली रुपयाएवढी पांढरी चकती घट्ट धरलेली होती. त्याच आठवड्यात परसातल्या जळणाच्या ढिगाजवळ त्याचेच वाटणारे केसाळ, पोकळ कलेवर सापडले. ते वर्तमानपत्रावर ठेवून छायाचित्र काढले आहे; तिन्ही छायाचित्रे सोबत पाठवत आहे. सासूबाई म्हणतात, ही कातीण, अंगावरून गेली की फोड उठतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांच्या मानेवर तसे फोड आलेही होते. मोठा मुलगा मोबाइलवर पाहून सांगतो की हा मांस कुजवणारा 'ब्राऊन रिक्लूज' आहे. शेजारच्या कन्नड मावशी 'जेड (म्हणजे कोळी) आहे, जाऊ दे' म्हणून मोकळ्या झाल्या. यजमान फवारणीचे औषध घेऊन आले आहेत. आम्ही जमिनीवर अंथरूण घालून झोपतो आणि धाकटी मुलगी तीन वर्षांची आहे. हा कोळी कोणता, तो विषारी आहे का, आणि आम्ही काय करावे?

उत्तर:

भगिनी, सप्रेम नमस्कार.

आपली तिन्ही छायाचित्रे मी मोठी करून पाहिली. घाईचे तेवढे आधी सांगतो. भिंतीवरच्या कोळ्यापासून आपल्या कुटुंबाला भीती बाळगण्याचे कारण नाही, तेव्हा यजमानांनी आणलेले औषध तूर्त फडताळातच राहू द्यावे. मात्र आपल्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती मला मान्य नाही. जळणाजवळ सापडलेली वस्तू त्या कोळ्याचे कलेवर नाही. किंबहुना ती त्या जातीच्या कोळ्याचीही नाही. आपल्या घराच्या आवारात दोन अगदी वेगळे कोळी राहत आहेत, आणि त्यांतला दुसरा आपण अद्याप पाहिलेलाच नाही.

पहिल्यापासून सुरुवात करू. अनोळखी कोळी दिसला की आपण सारे त्याचा रंग आणि आकार सांगू लागतो, आणि तिथेच फसतो. जगात आजवर ५०,००० हून अधिक जातींच्या कोळ्यांना शास्त्रीय नावे मिळाली आहेत. एकट्या भारतात त्यांतल्या १,८०० पेक्षा जास्त जाती आहेत. त्यांतले शेकडो तपकिरी आहेत, आणि एकाच जातीचे पिल्लू, नर व मादी यांचे रंग पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून रंग बाजूला ठेवून कोळी बसतो कसा, जाळे विणतो की नाही, आणि अंडी कुठे सांभाळतो, या तीन गोष्टी आधी विचाराव्यात. आपण पत्रात या तिन्ही गोष्टी न विचारता लिहिल्या आहेत, त्यामुळे माझे काम पुष्कळ हलके झाले.

आपल्या पहिल्या छायाचित्रात कोळ्याचे पाय शरीराखाली उभे नसून खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत, आणि पुढचे दोन जोड किंचित पुढे वळलेले दिसतात. पायांची ही ठेवण सपाट फटीत राहणाऱ्या कोळ्याची असते. झाडाची साल, कौलाखालचा वासा, दाराची चौकट, भिंतीवरची तसबीर किंवा दिनदर्शिका, जिथे बोटही शिरणार नाही तिथे एवढा मोठा प्राणी सहज जाऊन बसतो. जाळे नाही, कारण तो भक्ष्य पळत जाऊन पकडतो. दिवसा दडून बसणे आणि रात्री भिंतीवर झुरळांच्या मागावर निघणे हा त्याचा दिनक्रम. आणि पोटाखालची ती पांढरी चकती म्हणजे रेशमाची चपटी पिशवी असून तिच्यात शेकडो अंडी आहेत. आपण ज्याला 'तो' म्हणता ती मादी आहे, हे त्या चकतीवरूनच ठरते.

या सर्व खुणा ज्या एका कोळ्यात एकत्र येतात तो म्हणजे हेटेरोपोडा व्हेनॅटोरिया. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा दिलेल्या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'शिकार करणारी' असा आहे. इंग्रजीत त्याला हंट्समन म्हणतात; मराठीत शिकारी कोळी म्हणायला हरकत नाही. माणसाच्या सामानाबरोबर प्रवास करीत हा कोळी उष्ण कटिबंधात जवळजवळ सर्वत्र पोहोचला आहे. केळीच्या घडांतून परदेशी उतरल्यामुळे काही ठिकाणी त्याला केळीचा कोळी म्हणतात, आणि हवाई बेटांवर उसाच्या फडांत दिसतो म्हणून तिथे त्याचे नाव उसाचा कोळी आहे. चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यातल्या आपल्या वाचकांना हे नाव परके वाटू नये. खानापुरात त्याला उसाची गरज पडत नाही. पावसाळ्यात ओल वाढली, झुरळे घरात आली, की त्यांच्या मागोमाग तो येतो.

अंड्यांच्या खुणेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घरात आढळणारे कोळी वेगळे करण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही. शिकारी कोळ्याची मादी चकती छातीखाली, जबड्याजवळच्या आखूड अवयवांनी धरून ठेवते. परसात, गवतात, भाताच्या बांधावर धावणाऱ्या लांडगा-कोळ्याची मादी मात्र वाटाण्यासारखी गोल पिशवी शरीराच्या अगदी मागच्या टोकाला चिकटवून ओढत नेते, आणि पिल्ले बाहेर पडली की ती आईच्या पाठीवर चढून बसतात. रात्री विजेरी कपाळाशी धरून परसात पाहिले तर याच कोळ्यांचे डोळे दवबिंदूंसारखे चमकतात. माळ्याच्या कोपऱ्यात जळमटे करणारा, केसासारख्या बारीक लांब पायांचा जो कोळी आपण केरसुणीने काढतो, त्याची मादी अंड्यांचा गुलाबीसर घोसच तोंडात धरून उलटी लटकलेली असते. तिला डिवचले की ती जाळ्यासकट इतक्या वेगाने हलते की दिसेनाशी होते. बागेत मोठे गोल जाळे विणणारे कोळी अंड्यांची पिशवी पानाआड बांधून ठेवतात, अंगावर बाळगत नाहीत. चकती रुपयाएवढी, चपटी आणि छातीखाली आहे, एवढे आपल्या पत्रावरून व छायाचित्रांवरून कळल्यानंतर माझ्या मनात शंका उरली नव्हती.

आता मुलाच्या म्हणण्याविषयी. त्याच्यावर रागावू नये. मोबाइलवर जे दिसते ते बहुधा परदेशातले असते आणि भीतीदायक चित्रेच पुढे पुढे येतात. ब्राऊन रिक्लूज हा कोळी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्य व दक्षिण भागातला आहे, आणि पाय पसरूनही तो रुपयाच्या नाण्याहून फारसा मोठा भरत नाही. आपला कोळी हाताच्या पंजाएवढा आहे, इथेच प्रश्न मिटायला हवा. तरीही मुलाला स्वतः खात्री करायची असेल तर डोळे मोजायला सांगावे. रिक्लूजला सहा डोळे असतात, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. शिकारी कोळ्याला आठ असतात, चार-चारच्या दोन ओळींत. जिवंत कोळ्याच्या तोंडाजवळ जाण्याची गरज नाही. बऱ्या मोबाइलने समोरून छायाचित्र काढून ते मोठे केले की ओळी दिसतात. एक सावधगिरी मात्र सांगतो. सहा डोळे दिसले म्हणजे रिक्लूज, असेही नाही. आपल्याकडे घरांच्या भिंतींवर फिकट पिवळा, काळ्या ठिपक्यांचा, उंच घुमटासारख्या डोक्याचा एक मंद कोळी असतो. त्यालाही सहाच डोळे. तो भक्ष्यावर चिकट धागे नागमोडी थुंकून त्याला जागच्या जागी खिळवून टाकतो, माणसाच्या वाटेला जात नाही.

'विषारी आहे का' या आपल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. एखाद-दुसरे कुळ सोडले तर सगळ्याच कोळ्यांना विष असते, कारण त्यावरच त्यांचे पोट चालते. माणसाला त्या विषाने अपाय होतो का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि बहुसंख्य कोळ्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर नाही असे आहे. शिकारी कोळी हातात दाबला गेला, किंवा अंडी धरलेल्या मादीला कोंडीत पकडले, तर चावतो. चावल्या जागी दुखते, थोडी सूज येते आणि ती ओसरते. आपणहून तो माणसाकडे येत नाही. अंगावर धावून आल्यासारखा वाटतो तेव्हा तो अंधाऱ्या फटीकडे पळत असतो आणि आपण मध्ये उभे असतो. भारतात ज्यांच्यापासून खरोखर हात दूर ठेवावा असे कोळी थोडे आहेत. त्यांत काळ्या, चकचकीत, वाटाण्यासारख्या गोल पोटावर लाल खूण असलेले, दगडाखाली किंवा अडगळीत विस्कळीत चिवट जाळे करणारे कोळी येतात. ते भारतात नोंदले गेले आहेत, पण आपल्या छायाचित्रांत तसे काही नाही.

आता त्या दुसऱ्या पाहुण्याकडे वळतो. वर्तमानपत्रावर ठेवलेली ती वस्तू म्हणजे कात आहे. साप टाकतो तशीच कोळीही कात टाकतो. वाढायचे तर जुने कवच सोडावेच लागते. मेलेला कोळी आणि कात यांतला फरक असा, की कातीला पोटाचा भाग नुसता सुरकुतलेल्या सालीसारखा असतो, आणि डोक्याकडचे कवच डब्याच्या टोपणासारखे वेगळे उचकटलेले असते. आपल्या छायाचित्रात ते टोपण एका बाजूला कललेले स्पष्ट दिसते. आपण ती वर्तमानपत्रावर ठेवलीत हे फारच बरे केलेत, कारण वर्तमानपत्राचा एक स्तंभ साधारण चार सेंटीमीटरचा असतो, आणि पाय आखडलेले असूनही ही कात दोन स्तंभ पूर्ण व्यापते.

मोजमापाचे महत्त्व मी स्वतःच्या फजितीतून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी निपाणीकडच्या एका गृहस्थांनी तंबाखूच्या वखारीतल्या कोळ्याचे छायाचित्र पाठवले होते. कोळी गुबगुबीत, केसाळ, पडदाभर पसरलेला. मी मोठ्या आत्मविश्वासाने त्यांना तो बिळातला मोठा कोळी असल्याचे कळवले. प्रत्यक्षात तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा, खिडकीवर माश्या टिपणारा उड्या मारणारा कोळी होता. त्यांनी फार जवळून छायाचित्र काढले होते, आणि शेजारी काडेपेटीसुद्धा ठेवलेली नव्हती. पुढचे समोरचे दोन टपोरे डोळे पाहूनच मला ते कळायला हवे होते. तेव्हापासून मोजमाप नसलेल्या छायाचित्रावर मी मत देत नाही.

तर ही कात. तिचे पाय जाड, टोकापर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीचे आणि दाट केसांचे आहेत. शिकारी कोळ्याचे पाय लांब आणि निमुळते असतात. त्याहून महत्त्वाची खूण जबड्याची. घरात दिसणाऱ्या बहुतेक कोळ्यांचे दोन विषदंत चिमट्यासारखे एकमेकांकडे वळलेले असतात. कातीचे छायाचित्र मोठे केल्यावर दिसते की तिचे दंत एकमेकांना समांतर असून, कुदळीच्या पात्यासारखे खाली आणि मागे वळलेले आहेत. अशी रचना बिळात राहणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्यांची, म्हणजे ज्यांना जगभर टॅरंट्युला म्हणतात त्यांची असते. पश्चिम घाटात या कुळातील कोळी अनेक आहेत, आणि थ्रिग्मोपियस या प्रजातीचे कोळी तर केवळ पश्चिम घाटातच सापडतात. रस्त्यासाठी किंवा घरासाठी उभी कापलेली मातीची दरड असेल तर त्यात आतून रेशमाचे अस्तर लावलेली, बोटभर रुंदीची बिळे ते करतात आणि अंधार पडला की तोंडाशी येऊन बसतात. कात टाकली की ती बिळाबाहेर लोटून देतात. आपल्या घरामागे तशी दरड असावी आणि जळणाचा ढीग तिच्या पायथ्याशी रचलेला असावा, असा माझा अंदाज आहे. नुसत्या कातीच्या एका छायाचित्रावरून जातीचे नाव सांगणे मात्र उचित नाही, आणि मी ते सांगणार नाही.

टॅरंट्युला हे नाव ऐकून घाबरू नये. चित्रपटांनी त्या कोळ्याची जी कीर्ती केली आहे ती त्याच्या वाट्याला विनाकारण आली आहे. हा कोळी वर्षानुवर्षे एकाच बिळात राहतो. पावसाळ्याच्या सुमारास काही नर माद्यांच्या शोधात बाहेर पडतात आणि क्वचित अंगणात दिसतात, एवढाच त्यांचा माणसाशी संबंध. अमेरिका खंडातल्या टॅरंट्युलांप्रमाणे अंगावरचे खाजरे केस उडवण्याची सवय आपल्याकडच्या कोळ्यांना नाही. चावल्यास मात्र चांगलेच दुखते, क्वचित पेटकेही येतात, म्हणून मुलांनी बिळात काडी घालू नये आणि जळण काढताना उघड्या हाताने ढिगाच्या तळाशी चाचपडू नये. ही शेवटची सूचना खरे तर विंचवासाठी अधिक लागू आहे.

सासूबाईंच्या अनुभवाविषयी मला आदराने लिहायचे आहे. कातणारी ती कातीण, हे किती नेमके नाव आहे, आणि ते आता फक्त त्यांच्या पिढीच्या तोंडी उरले आहे. त्यांच्या मानेवर फोड आले होते हेही खरेच असणार. पण ते कोळ्याने आणले असे मला वाटत नाही. कोळी अंगावरून गेल्याने त्वचा भाजत नाही; त्याची विष्ठा म्हणजे भिंतीवर पडणारे ते पांढुरके ठिपके, आणि त्यांत दाहक असे काही नसते. पावसाळ्यात दिव्याभोवती मुंगीसारखा दिसणारा, एका सेंटीमीटरहूनही लहान, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा एक भुंगेरा येतो. तो चावत नाही आणि नांगीही मारत नाही, पण मानेवर बसला आणि आपण सवयीने हात मारला की चिरडलेल्या अंगातून पेडेरिन नावाचे दाहक द्रव्य त्वचेला लागते. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी चटका बसल्यासारखा लांबट पट्टा उठतो, त्यावर फोड येतात, आणि कोपराच्या किंवा मानेच्या घडीत तर एका बाजूचा डाग समोरच्या त्वचेवरही उमटतो. सकाळी उठून फोड पाहणाऱ्या माणसाला छपरावर कोळी दिसला, तर संशय कोणावर जाणार? त्या भुंगेऱ्याला चिरडू नये, फुंकर मारून उडवावे, आणि तो चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवावी. फोड शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्याने आले असतील आणि त्याआधी तिथे आग होत असेल, तर ती नागीण असू शकते. तिच्यासाठी डॉक्टरांकडे पहिल्या दोन-तीन दिवसांतच जावे.

कोळ्यावर चुकीचा आळ घेण्यात कोळ्याचे नुकसान होते ते वेगळे. माणसाचे अधिक होते. आपण जमिनीवर झोपता असे लिहिले आहे, म्हणून पुढचे वाक्य कृपया घरातल्या सर्वांना वाचून दाखवावे. मण्यार हा साप रात्री फिरतो, त्याचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही आणि दातांच्या खुणा इतक्या बारीक असतात की झोपेतून उठलेला माणूस 'कोळी-बिळी चावला असेल' म्हणून पुन्हा आडवा होतो. पहाटे पोटात दुखू लागणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे, गिळायला त्रास होणे, यांतले एकही लक्षण दिसले तर चावणारा सापडला की नाही याची वाट न पाहता १०८ क्रमांकाला दूरध्वनी करून रुग्णाला श्वसनयंत्राची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. जमिनीवरच झोपायचे असेल तर मच्छरदाणी लावून तिची कड अंथरुणाखाली नीट खोचावी. डास, भुंगेरा, कोळी आणि मण्यार या चौघांनाही ती एकाच वेळी अडवते.

दुसरी गल्लत तापाच्या बाबतीत होते. काखेत, जांघेत किंवा कमरेच्या घडीत न दुखणारी काळी खपली आणि सोबत ताप असेल, तर तो 'कोळ्याचा चावा' नसून झुडपांतल्या माइटच्या (गोचिडीसारख्या पण अगदी बारीक जीवाच्या) पिल्लाने दिलेला स्क्रब टायफस असू शकतो. वेळेवर ओळखला तर तो डॉक्सिसायक्लिन या साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. खपलीवर लेप लावत बसलो तर जिवावर बेततो. जंगलातून आल्यावर अंगावर आठ पायांचा, पण एकसंध पिशवीसारख्या अंगाचा आणि कातडीला चिकटलेला प्राणी आढळला, तर ती गोचीड आहे. कोळ्याच्या शरीराचे कमरेतून दोन वेगळे भाग झालेले दिसतात आणि कोळी कधीही रक्त पीत चिकटून बसत नाही. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडींमुळेच पसरतो आणि तो पुढे गोव्यातील सत्तरी व सिंधुदुर्गातील दोडामार्गपर्यंत आला आहे. म्हणजे आपल्या शेजारीच. तेव्हा आठ पाय मोजून थांबू नये, कंबरही पाहावी.

कोळी खरोखरच चावला, आणि चावताना तो पाहिला, तर जागा साबणाने धुवून त्यावर गार पाण्याची घडी ठेवावी, चुना किंवा हळद भरू नये, ब्लेड लावू नये, आवळून बांधू नये. धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर ती घ्यावी. आपल्याकडे मिळणारे सर्पदंशाचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यासाठी तयार केलेले असते. कोळ्याच्या चाव्यावर ते द्यावे असा आग्रह कोणी धरू नये.

आता न्हाणीतल्या त्या मादीचे काय करावे? माझे प्रामाणिक मत विचाराल तर तिला राहू द्यावे. काही आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतील आणि बहुतेक पांगून जातील. त्यांतली मोठी होईपर्यंत जगणारी अगदी थोडी. अंडी सांभाळताना ती सहसा खातही नाही, त्यामुळे सध्या ती झुरळे मारील ही अपेक्षा ठेवू नये. ते काम ती पुढे करील. फवारणीने कोळी पटकन मरत नाही, उलट बिथरून उघड्यावर धावतो, आणि औषधाचा थर मात्र तीन वर्षांच्या मुलीच्या हाताला लागेल अशा उंचीवर राहतो.

तिला पाहून घरात कोणाला झोपच येत नसेल, तर तेही मी समजू शकतो. अशा वेळी तिला हलवावे, पण रात्री नव्हे. रात्री ती विजेसारखी पळते. दिवसा ती दडलेली आणि मंद असते. रुंद तोंडाचा पारदर्शक डबा तिच्यावर सावकाश उपडा ठेवावा, दिनदर्शिकेचे जाड पान डबा आणि भिंत यांच्यामधून हळूच सरकवावे, आणि डबा संध्याकाळी गोठ्याच्या किंवा जळणाच्या आडोशाला आडवा ठेवून उघडावा. डब्याची कड तिच्या पायावर येऊ देऊ नये. घाई केल्यास ती चकती टाकून पळते, आणि मग चकती उचलून तिच्याजवळ ठेवण्याची दया कोणी दाखवत नाही. एवढे झाल्यावर न्हाणीच्या मोरीच्या तोंडाला जाळी बसवावी, उष्टे-खरकटे रात्री झाकावे आणि अंगणातला पांढरा दिवा बदलून पिवळ्या उजेडाचा लावावा. किडे कमी झाले की कोळ्यांनाही येण्याचे कारण उरत नाही.

आपल्या मुलाला या विषयाची गोडी लागलेली दिसते, म्हणून त्याच्यासाठी एक काम. ती कात टाकून दिली नसेल तर अजून एक परीक्षा घेता येईल. कोळ्याच्या डोळ्यांवरचे पारदर्शक आवरणही कातीबरोबर निघून येते, त्यामुळे टोपणासारख्या त्या कवचावर डोळ्यांच्या जागा तशाच उमटलेल्या राहतात. माझा अंदाज बरोबर असेल तर आठही डोळे कवचाच्या पुढच्या कडेजवळ एका छोट्याशा उंचवट्यावर दाटीवाटीने बसलेले दिसतील; चार-चारच्या दोन मोकळ्या ओळी दिसल्या तर मी चुकलो आणि तसे पुढच्या अंकात छापीन. छायाचित्र काढताना कवच हातात न चुरता चिमट्याने धरावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि टोपणाची आतली बाजू खिडकीतल्या उजेडाकडे करावी.